शालू लाल की राणी?

"अहो, शालू राणी रंगाचा होता, हा तर लाल दिसतोय!" लग्नाचे फोटो निवडायला पाठवले होते, नवरीच्या आईने फोन पुढे केला. स्क्रीन पिवळसर करणारा नाइट मोड चालू होता. बंद केला, शालू परत राणी.

निवडीसाठी दिलेलं छापील प्रूफ सगळ्यांना एकच दिसायचं. आता दहा नातेवाईक, दहा स्क्रीन.

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो टाकला की तो कॉम्प्रेस होतो, दर्जा घसरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. एक्स्पोर्ट एसआरजीबीत (बहुतेक स्क्रीनना चालणारी रंगपद्धत), लांब बाजू २०४८ पिक्सेल, फाइल नंबर फोटोवरच. नाहीतर "मामींच्या शेजारचा तो" असं सिलेक्शन येतं!

ब्राइटनेस पूर्ण ठेवून फोटो निवडले की छापून आलेला अल्बम काळपट वाटतो. दोष मग लॅबचा.

शालूचा एक ४×६ इंची प्रिंट तरी आधी हातात द्यावाच. तुम्ही देता का अजून?