फोन कोणी केला?

लग्न थांबवलं त्याबद्दल हे लिहीत नाही. आमच्या कामात लग्न थांबवणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. गाडी मिळाली, ठाण्यातून एखादा हवालदार आणि महिला कॉन्स्टेबल मिळाली आणि अक्षता पडायच्या आत पोचलो, की लग्न थांबतंच. अवघड असतं ते पुढचं. या केसमध्ये जे अवघड गेलं त्याला तर कुठल्याच नमुन्यात रकाना नव्हता, म्हणून इथे लिहून बघते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

मी एका जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ती आहे, कंत्राटी. गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. दसरा झाला की तिथली निम्मीअधिक घरं ऊसतोडीला निघतात. मुकादम, म्हणजे तोडणीची टोळी नेणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती जोडीवर. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्या गड्याला अर्धाच कोयता धरतात आणि त्याला उचलही निम्मी. तेव्हा कारखान्याला निघायच्या आधी पोराचे दोनाचे चार हात करून टाकायची घाई असते. चातुर्मास असला तरी काढीव मुहूर्त निघतोच. लग्नसराई नसल्यामुळे गावाबाहेर कुणाच्या लक्षातही येत नाही.

१०९८ वर, म्हणजे बाल मदतवाणीच्या नंबरवर, निरोप आला तो संध्याकाळी: उद्या सकाळी हळद, दुपारी लग्न. घर कुठलं, मांडव पुढच्या अंगणात न घालता मागे गोठ्याजवळ घातलाय, इतका बारकावा सांगितलेला. गावात पोचलो की पहिल्यांदा जे ऐकायला मिळतं तेच तिथे मिळालं, ‘साखरपुडा आहे हो, लग्न कुठलं?’ यावर वाद घालत बसायचं नाही. आधी आचाऱ्याकडे जायचं आणि तांदूळ किती शिजायला घातला ते विचारायचं. साखरपुड्याला कोणी एवढा भात घालत नाही. मग बायकांत बसून बस्ता कुठून आणला, पातळं कशी पडली, असं बोलत राहायचं. मंगळसूत्राची डबी कोणीतरी हौसेनं दाखवतंच. तोवर हवालदारानं तोंड उघडायचं नाही, हे त्याला गाडीतच बजावलेलं असतं. बहुतेक वेळा तो ऐकतो.

वयाचंही ठरलेलं. आधार कार्ड पुढे येतं, त्यावर एकोणीस वर्षं. ते मी हातात घेते, बघते आणि परत देते. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ९४ शाळेचा दाखला आधी बघा म्हणतं. तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात तिची जन्मतारीख १ जून. अर्ध्या वर्गाची १ जूनच असते, गुरुजींची कृपा. पण साल कोणी सहसा बदलत नाही, आणि त्या सालाप्रमाणे पोरगी सोळाचीही नव्हती. दहावीत होती.

ग्रामसेवक हा गावाचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. त्याचा फोन सकाळपासून बंद. लग्नाच्या दिवशी या लोकांच्या फोनची बॅटरी कशी उतरते यावर कोणीतरी संशोधन करावं.

मुलीला मी बाजूला घेतलं, गोठ्याच्या मागे. अंगाला हळद, हातात हिरव्या बांगड्या, पायांत शाळेचे काळे बूट. तिला चप्पल नव्हती, नवी जोडी लग्नात मिळणार होती. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, की तुला काय वाटतं ते सांग, घाबरू नको. ती एकदम म्हणाली, “फोन म्याच केला. आजीच्या मोबाईलवरून. नंबर खोडून टाकलाय.”

मग म्हणाली, “आप्पाला सांगू नका. मारायचे न्हाईत ते. बोलायचे बंद होतील.”

मुलांना ‘कोणालाच सांगणार नाही’ असा शब्द द्यायचा नसतो. हे आम्हाला शिकवलेलं असतं आणि ते बरोबरच आहे, कारण पुढे तो पाळता येत नाही. मी तिला सांगितलं, की बाल कल्याण समितीला सांगावं लागेल, ते बंद खोलीत. घरी आणि गावात माझ्याकडून कळणार नाही. तिनं मान हलवली आणि बांगड्या काढायला लागली.

पुढचं रीतीप्रमाणे. लग्न लागलेलं नव्हतं, त्यामुळे गुन्हा नाही. दोन्हीकडच्यांचं हमीपत्र, पंचनामा, चोवीस तासांच्या आत मुलगी बाल कल्याण समितीपुढे, तिथून तात्पुरती बालगृहात. लग्नाच्या उंबरठ्यावरचं मूल कायद्यानं ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरतं. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात गावाचं नाव आणि ‘दहावीतील मुलगी’ असं सगळं छापून आलं. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या गावात दहावीला पोरी किती असणार? वार्ताहराला फोन केला तर म्हणाला, “मॅडम, नाव कुठं टाकलंय?”

सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. त्यासाठी गृहभेटीला गेले, तोवर गावानं आपला तपास पूर्ण केला होता. फोन अंगणवाडीच्या ताईंनी केला, असं ठरलं होतं.

ठरायला कारणंही होती. किशोरवयीन मुलींचं रजिस्टर त्यांच्याकडे. ग्रामसेवकाची बालविवाहाच्या कामातली सहायक म्हणून कागदावर नाव त्यांचं. आम्ही आलो त्या दिवशी पंचनाम्यावर सही करायला बोलावलं तेही त्यांनाच, कारण दुसरं कोणी पुढे होईना. आणि मुकादमाचा एक कोयता मोडला होता. नवऱ्या मुलाला उचल पूर्ण जोडीची दिलेली, ती आता अर्धी परत मागायची. तो राग कोणावर तरी निघणारच होता, आणि मुकादमाच्या तोंडून निघालेलं गावात चालतं.

मुलीचे वडील ओट्यावर बसून होते. माझ्याशी नीट बोलले. त्यांचं म्हणणं अहवालात मी जसंच्या तसं लिहिलंय, कारण ते खोटं नव्हतं. (कोपी म्हणजे ऊसतोडकऱ्यांची झोपडी.) ‘पहाटं तीनला फडात जायचं. पोरीला कोपीत एकटी ठेवू का हितं म्हाताऱ्या आईच्या भरवशावर ठेवू? कुठं काय झालं तर तुमी येनार का?’ या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. त्यांतल्या किती जणींच्या बापांना हाच प्रश्न पडला असेल, ते पाहणीत येत नाही. शहरातल्या व्याख्यानांतून हे बाप राक्षस असल्यासारखे येतात. मला तरी असा एखादाच भेटलाय.

उठताना त्यांनी विचारलं, “फोन बाईनंच केला ना?”

म्हटलं, “फोन कोणी केला ते आम्ही सांगत नसतो.”

“म्हंजे बाईनंच.”

मी गप्प राहिले.

गाडीपर्यंत ताई मागोमाग आल्या. त्यांच्या अंगणवाडीत चार-पाच घरांनी पोरं पाठवणं बंद केलं होतं. हजेरी घसरली की पर्यवेक्षिका विचारणार. पिठाच्या गिरणीत त्यांचा डबा मागे सारला जात होता. दिराला मुकादमानं यंदा टोळीत घ्यायचं नाकारलं होतं. त्या म्हणाल्या, “तुमी निसतं एवढं म्हना की बाईनं फोन केला न्हाई. खरं तेच म्हना. मी काय खोटं बोला म्हनते का?”

खरं बोलणं एवढ्याशा वाक्याचं होतं. पण गावात फोन करू शकणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी: ताई, शाळेतले सर, आशा आणि स्वतः मुलगी. आज मी ताईंचं नाव खोडलं की उद्या सर विचारणार, परवा आशा, आणि त्यांनाही तेच खरं उत्तर द्यावं लागणार. खोडत खोडत बोट जिथे थांबेल तिथे ती सोळा वर्षांचीही नसलेली पोरगी, जिला भीती माराची नव्हती, अबोल्याची होती. ‘सांगत नसतो’ हे उत्तर सगळ्यांना सारखंच द्यावं लागतं, तरच ते कोणाला तरी झाकतं. म्हणून ताईंनाही मी तेच उत्तर दिलं. त्यांच्या तोंडावर.

त्या म्हणाल्या, “तुमी म्हैन्यानं येनार. मला रोज नळाला जायचंय.”

ऑफिसात हा विषय काढला. एक सहकारी म्हणाला, गोपनीयतेचं तत्त्व आहे, त्यात विचार काय करायचा? त्याला तत्त्वं पाठ आहेत, गिरणीत डबा कधी ठेवावा लागलेला नाही. दुसरी म्हणाली, सेविका मानधन घेते ना, कळवणं तिचं कामच आहे, मग केल्यासारखं दिसलं तर काय बिघडलं? हे मला जास्त लागलं, कारण मनातल्या मनात मीही स्वतःची अशीच समजूत घालत होते. शिकवताना गोपनीयता ही केस आणि कार्यकर्ता या दोघांतली गोष्ट म्हणून शिकवतात. तिसऱ्या माणसानं तिची किंमत मोजली तर काय करायचं, ते त्या धड्यात नाही.

अहवालात माहितीचा स्रोत ‘बाल मदतवाणी’ एवढाच लिहिला. खरं काय ते समितीला तोंडी सांगितलं. समितीत एक अध्यक्ष, चार सदस्य. माणसं चांगली आहेत. पण चांगल्या माणसांच्या उत्साहाची भीती वाटते. सुनावणीत आई-वडिलांसमोरच एक सदस्य मुलीला म्हणाले, “शाबास, धीट आहेस तू.” आप्पांनी मान वर केली. अध्यक्षांनी लगेच शाळेचा विषय काढला. आप्पांना कळलं का? मला वाटतं कळलं असावं. कदाचित पहिल्या दिवसापासून कळलेलं असेल, आणि फोन अंगणवाडीच्या बाईनं केला हे त्यांनाच हवं असेल. तसं असेल तर लेकीशी बोलता येतं.

मुलीची शिफारस मी बालगृहाची केली नाही. तिला घर नको नव्हतं, लग्न नको होतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ पासून संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. तिथे जागा मिळाली, सुट्टीत आजीकडे. आई-वडील कारखान्याला गेले. मोबाईलवर रविवारी बोलतात, असं गृहपालबाई सांगतात. तेवढं ऐकलं की मला बरं वाटतं, आणि लगेच ताई आठवतात.

फेब्रुवारीत वरून पत्र आलं. ८ मार्चला बालविवाह रोखण्यात पुढाकार घेणाऱ्या सेविकांचा सत्कार, नावं कळवा. साहेबांनी परस्पर ताईंचं नाव लिहून माझ्याकडे टिपणीला पाठवलं. व्यासपीठ, शाल, प्रशस्तिपत्र, पेपरात फोटो. गावाचा संशय सरकारी शिक्क्यानिशी पक्का झाला असता. मी नाव काढायला गेले तर साहेब म्हणाले, “अहो, कौतुक करतोय आपण तिचं!” तोवर पर्यवेक्षिकेनं ताईंना सांगूनही टाकलं होतं.

ताईंचा फोन आला. माझं नाव काढताय म्हणे? म्हटलं, ताई, शाल घेतलीत की फोन तुम्हीच केला हे कायमचं झालं. पुन्हा पुसता येणार नाही. त्या भडकल्याच. “आत्ता पुसता येतंय का? शिव्या मला, आन सत्कार बी न्हाई?” थोडं थांबून म्हणाल्या, “मला काय कळत न्हाई व्हय, तुमी कुनाला झाकताय ते. ती पोरगी माझ्याच अंगणवाडीत खिचडी खात हुती.”

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांनीही पुढे विचारलं नाही.

यातलं काय धरायचं, हे मला अजून ठरवता येत नाही. ताईंनी जाणूनबुजून ते ओझं घेतलं, की बाकी काही पदरात पडत नाही म्हणून निदान शाल तरी घेतली? दोन्ही असेल. त्यांचा सत्कार झाला तर पोरीवरचं पांघरूण आणखी घट्ट होतं, आणि मला ते हवं होतं, हेही खरं. एखाद्याची संमती आपल्या सोयीची असते तेव्हा ती किती खरी धरायची? माझ्या वरिष्ठ मॅडमना हे विचारलं तर त्या म्हणाल्या, तू फार विचार करतेस, म्हणून तुझ्या फायली मागे राहतात.

नाव पाठवलं. सोबत ‘केलेल्या कामाचा तपशील’ असा रकाना होता. तिथे खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहून चालणार नव्हतं. मी लिहिलं: किशोरवयीन मुलींची नोंदवही अद्ययावत ठेवली, विवाह रोखण्याच्या वेळी पंच म्हणून उपस्थित राहिल्या, विरोध असतानाही अंगणवाडी नियमित सुरू ठेवली. शब्दन् शब्द खरा.

साहेबांनी वाचलं. “एवढंच? फोन हिनंच केला ते लिहा ना. वजन येईल.”

“ते गोपनीय असतं, सर.”

“मग सत्कार कशाबद्दल म्हणायचा?”

“रजिस्टर नीट ठेवल्याबद्दल,” म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि सही केली.