चार रविवार, एक भोक

माझ्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचं इंजिन जमिनीवर अगदी शहाण्यासारखं वागायचं. इंधन पेटवणाऱ्या ग्लो प्लगला तो तापवणारा दीड व्होल्टचा इग्नायटर लावला की दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला सुरू. पूर्ण थ्रॉटलला आवाज स्वच्छ, विमानाचं नाक आभाळाकडे धरलं तरी फरक नाही. मग उड्डाण. पाच-सहा मिनिटं मजेत जायची आणि एखादी लूप घ्यायला नाक वर केलं की आवाज चिरका व्हायचा, दोन आचके, शांतता. पुढचं सगळं विमान नाही, पतंग सांभाळल्यासारखं.

इंजिन .४६ घन इंचाचं, म्हणजे साडेसात सीसीचं, आणि दुसऱ्या हाताचं. आधीच्या मालकाने इंधनासकट ठेवून दिलेलं, त्यामुळे इंधनातलं एरंडेल सुकून डिंक झालं होतं. मी ते गरम हवेने तापवून सोडवलं. पंखा हाताने फिरवताना मागचं बेअरिंग खरखरत होतं, तेही बदललं. इंधनातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून या इंजिनांची बेअरिंगं गंजतात. पिस्टन वरच्या टोकाला घट्ट अडकतो म्हणून मात्र घाबरू नका. या जातीच्या इंजिनात स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी, वर निमुळती असते आणि तापल्यावर ती पुरेशी पसरते.

तर मुद्दा नीडलचा, म्हणजे इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूचा. इंजिन हवेत बंद पडलं की माझा हात थेट नीडलकडे जायचा. शेवटचा चिरका आवाज लीनचा, म्हणजे इंधन कमी पडतंय. मग नीडल उघडा. पहिल्या रविवारी चार खाचा, दुसऱ्या रविवारी आणखी चार. इंजिन तरीही बंद पडायचंच, फक्त जरा उशिरा, त्यामुळे मला वाटायचं की आपण बरोबर दिशेला चाललोय. एवढ्या रिच, म्हणजे जास्त इंधनाच्या मिश्रणात प्लग थंड पडू लागला. ग्लो इंजिनात ठिणगी नसते. प्लगची प्लॅटिनमयुक्त तार एकदा तापली की मिथेनॉल आणि दाब मिळून तिला धगधगती ठेवतात, आणि जास्तीचं इंधन नेमकी तीच धग विझवतं. इग्नायटर काढला की आरपीएम पडायचे. मी प्लग बदलला. मग आयडल, म्हणजे अगदी मंद चाल, अडखळायला लागलं, म्हणून आयडलचा स्क्रू फिरवला. तिसऱ्या रविवारी माझ्याकडे असं इंजिन होतं ज्याची एकही सेटिंग मूळ जागी नव्हती आणि मूळ दोष जसाच्या तसा.

कंटाळून एक गोष्ट केली जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती: प्रत्येक उड्डाण किती वेळ चाललं आणि उतरल्यावर टाकीत किती इंधन उरलं ते लिहून ठेवलं. चारही वेळा टाकी साधारण अर्धी. आणि माझी नाक वर करून घ्यायची चाचणी? ती मी नेहमी टाकी काठोकाठ भरून करत होतो!

चौथ्या रविवारी विमान घट्ट धरायला मित्राला सोबत घेतलं, टाकी अर्धी ठेवली, इंजिन सुरू केलं आणि नाक वर केलं. (दोघेही पंख्याच्या मागे. पंख्याच्या रेषेत उभं राहून नीडल फिरवणारी माणसं पाहिली की माझी बोटं आपोआप मिटतात.) काही सेकंदांत कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पारदर्शक नळीत बुडबुड्यांची माळ दिसली आणि इंजिन गेलं.

टाकी काढली. आतली सिलिकॉनची नळी बुचातल्या पितळी नळीवरून निघते आणि दुसऱ्या टोकाला जड क्लंक असतो, इंधन जिकडे जाईल तिकडे घरंगळणारा. क्लंकचं तोंड दाबून धरलं, नळी पाण्यात बुडवली आणि सिरिंजने हवा भरली. पितळेच्या कडेपाशीच सुईएवढ्या भोकातून बुडबुडे. पितळी नळी कापल्यावर कड घासून गोल केलेली नव्हती, तिनेच हळूहळू सिलिकॉन चिरलं. टाकी भरलेली असताना ते भोक इंधनात बुडालेलं, म्हणून इंधनच ओढायचं. टाकी अर्धी झाली आणि नाक वर गेलं की इंधन मागे सरकायचं, भोक उघडं पडायचं आणि इंजिन इंधनासोबत हवा पिऊ लागायचं. मी नीडल उघडून दोष झाकत होतो, तोही अर्धवट.

कड गुळगुळीत केली, नळी बदलली. मग सगळ्या सेटिंग परत पहिल्यापासून: नीडल माहितीपत्रकात सांगितलेल्या फेऱ्यांवर, इंजिन तापवलं, पूर्ण थ्रॉटलला आरपीएमचा कळस शोधला आणि तिथून तीनशे-चारशे आरपीएम कमी होतील इतकं रिच केलं. वरचं टोक बसल्यावरच आयडलला हात. आयडलला इंधनाची नळी चिमटीत धरायची: आवाज थोडा चढून मग इंजिन बंद पडलं तर रिच, लगेच मेलं तर लीन. अर्ध्या तासात संपलेलं काम. त्यासाठी मी तीन रविवार आणि एक चांगला प्लग घालवला होता.

आता दिवस संपला की नळी काढून इंजिन सुकेपर्यंत चालवतो, आत तेलाचे चार थेंब सोडून पंखा हाताने फिरवतो. टाकीतली नळी दर हंगामाला नवी.

पाचव्या रविवारी इंजिन पुन्हा हवेत बंद पडलं. धडधडत्या छातीने विमान उतरवलं, टाकी पाहिली, तर कोरडी ठणठणीत. टायमर लावायलाच विसरलो होतो.