आधी अर्थिंग दाखवा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं सगळेच विचारतात. धुळ्याची कॉलेजची पोरं, जळगावचे साऊंडवाले, भुसावळहून पॅसेंजर धरून येणारे आमचे ते चार ठरलेले श्रोते. "काका, पंक ना तुमचं? मग वाजवायच्या आधी पाऊण पाऊण तास मीटर घेऊन वायरी काय तपासत बसता? बावीस वर्षं झाली, अजून भीती जात नाही का भो?"

नाही जात. आणि तिचा पंकशी, म्हणजे आमच्या या दणदणीत, बेफिकीर रॉकशी, काय संबंध, हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही. रामोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडची पहिली रेकॉर्ड १९७६ची. चौदा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत, खर्च साधारण ६,४०० डॉलर. येत नसलं तरी वाजव, महागडं सामान नसलं तरी वाजव, हे सगळं मला मान्य आहे, त्यावरच आयुष्य काढलंय. पण त्याच लोकांनी बावीस वर्षांत २,२६३ कार्यक्रम केले. तेवढे करायचे तर रोज रात्री स्टेजवरून जिवंत खाली उतरावं लागतं. त्या पहिल्या रेकॉर्डच्या आधी चारच वर्षं, ३ मे १९७२ला, स्टोन द क्रोज बँडचा गिटारवाला लेस हार्वे वेल्समधल्या स्वान्सीत वाजवता वाजवता गेला. हातात गिटार, समोरच्या मायकचं अर्थिंग नव्हतं, मायकला हात लागला, संपलं. तो काही पंक नव्हता. विजेनं विचारलंही नसेल.

पाऊण तासात काय करतो ते ऐका. आधी सॉकेट. गोदाम असो की मंगल कार्यालयाची मागची खोली, भिंतीवर तीन भोकं असतात, पण वरच्या जाड भोकामागे तार असेलच असं नाही. मांडववाला तर दोन नागड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी खुपसतो, तिसऱ्या तारेचा प्रश्नच येत नाही. मीटर एसी व्होल्टेजवर लावायचं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थला ६०, ९०, ११० असं काहीतरी अधांतरी दिसलं तर अर्थिंग नाहीच असं समजायचं. फेज-न्यूट्रलला २७०-२८० दिसलं तर थ्री फेजचा न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे. गाणं राहू द्या, आधी ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, वाचवा.

आता गंमत. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे मरतुकड्या अर्थिंगवरसुद्धा ते छान २२८ दाखवतं. म्हणून बल्ब. जुना, तारेचा, १०० वॉटचा. एलईडी चालत नाही, तो नखभर करंटवरही पेटतो आणि तुम्हाला फसवतो. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावायचा. भक्क पेटला तर बरं, लालसर मिणमिणला तर अर्थिंग नावापुरतं. बल्ब लावताच आधीच्या बोर्डाचा ट्रिप पडला तर उलट चांगलं, कुणीतरी शहाण्यानं तो बसवलाय. मात्र हे करताना त्या लाइनला दुसरं काहीही जोडलेलं नको आणि कुणाचा हातही नको, कारण अर्थिंग कच्चं असेल तर बल्ब लावल्याबरोबर अर्थची तारच करंट मारायला लागते. हे एका इलेक्ट्रिशियनलाही मला सांगावं लागलं होतं.

आपल्याकडे मे महिन्यात हे हमखास बिघडतं. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, काळी जमीन फाटते, रॉड आणि माती यांच्यामध्ये बोटभर फट पडते. पावसाळ्यात ठणठणीत असलेलं अर्थिंग वैशाखात मेलेलं. मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात कुणी वर्षभर पाणी घातलेलं नसतं. यावल-रावेरकडच्या केळीवाल्यांना हे मी सांगायची गरज नाही, त्यांच्या मोटारीनं त्यांना कधीच शिकवलंय. शिकवावं लागतं ते गिटारवाल्यांना.

नंतर आमचा बोर्ड. त्यात ३० मिलिॲम्पचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच. सगळं सामान, ॲम्प, मिक्सर, पेडल, एकाच बोर्डावर. गिटार स्टेजवरच्या सॉकेटला आणि मिक्सर मागच्या भिंतीला जोडला की दोन अर्थिंगांचं वेटोळं तयार होतं आणि ती ५० हर्ट्झची घूंऽऽ सुरू होते. ती घालवायला डीआय बॉक्स घ्यायचा, म्हणजे सिग्नल मिक्सरकडे नेणारा छोटा डबा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं. त्यानं फक्त सिग्नल केबलच्या जाळीची जोडणी तुटते, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं. शेवटी मीटरची एक सळई गिटारच्या तारेला, दुसरी मायकच्या जाळीला. एक-दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर गाणारा त्या मायकजवळ जाणार नाही. तारेला का? कारण गिटारची प्रत्येक तार ब्रिजमधून, जॅकमधून, ॲम्पच्या पत्र्याला जोडलेली असते. तुम्ही तार धरली म्हणजे पत्रा धरला.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, असं समजू नका.

तापीच्या अलीकडचं एक बंद जिनिंग. मे महिना, रात्रीचे साडेआठ, चाळीसेक माणसं. सरकीची धूळ बसावी आणि जरा गारवा व्हावा म्हणून पोरांनी कोब्यावर पाणी मारलेलं. आमच्या गायकाचा ६० वॉटचा ट्रान्झिस्टर ॲम्प. त्याच्या थ्री पिनची वरची पिन दोन वर्षांपूर्वी तोडली होती. पकडीनं, दोन हिसक्यांत. मीच. घूंऽऽ जात नव्हती, आणि पिन तोडल्यावर गेली. डीआयला पैसे नव्हते, असं मी इतकी वर्षं सांगत आलोय. खरं म्हणजे डीआय काय असतो तेच माहीत नव्हतं.

ॲम्पच्या मागे वायर आत शिरते तिथलं रबराचं वायसर गळून पडलं होतं. दोन वर्षं टेम्पोत हादरे खाऊन पत्र्याच्या धारेनं फेजच्या वायरचं आवरण घासलं आणि तांबं पत्र्याला टेकलं. पिन असती तर त्याच क्षणी फ्यूज उडाला असता. पिन नव्हती, म्हणून अख्खा पत्रा २३० व्होल्टला जाऊन बसला. पत्रा म्हणजे तारा. एरवी आम्ही ॲम्पची लाइन मिक्सरला द्यायचो. त्या दिवशी जागा लहान म्हणून दिली नव्हती. दिली असती तर करंट त्या केबलच्या जाळीतून गेला असता, केबल जळाली असती, एवढंच. गायकाच्या पायात रबरी तळव्याचे बूट. त्यामुळे अर्धा तास तो गिटार लावत बसला, त्याला मुंगीसुद्धा चावली नाही.

आणि जिनिंगचं अर्थिंग पक्कं होतं. मोठ्या मोटारींसाठी केलेलं, एकदम सज्जड. मिक्सर त्यावर, म्हणजे मायकची जाळी थेट जमिनीला. लोक म्हणतात अर्थिंग नव्हतं म्हणून झालं. उलट आहे. मायकला होतं आणि गिटारला नव्हतं म्हणून झालं. दोन्हीकडे नसतं तर कदाचित त्या रात्री निभावलं असतं.

पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीला त्यानं जाळीला ओठ लावले. ओळ आली नाही. मान मागे गेली, डावा हात गिटारच्या मानेवर आवळला गेला. दहा मिलिॲम्पच्या पुढे स्नायू आवळतात आणि धरलेलं सुटत नाही. मायकचा स्टँड घेऊन तो आडवा झाला आणि कोब्यावर तडफडायला लागला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या मारल्या. पंकचा गायक जमिनीवर लोळणारच, त्यांचं काय चुकलं? ड्रमवाला आणखी चार मात्रा वाजवत राहिला. मी बेस वाजवत राहिलो. मलाही ते झकास वाटलं, हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. कळलं ते फक्त वॉचमन मामांना. त्यांनी ना गाणं ऐकलं होतं ना स्टेज पाहिलं होतं. त्यांनी फक्त आवळलेली बोटं पाहिली आणि भिंतीवरचा किटकॅट फ्यूज उपटला. एखादा शहाणा त्याला उचलायला धावला असता तर दोघं चिकटले असते.

तो जगला. ओठावर पांढरा डाग, डाव्या बोटांवर तारांच्या तीन रेघा, रात्रभर छातीला ईसीजीच्या वायरी. परत मायकसमोर उभा राहिला नाही.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो. म्हणतो, पिन सगळेच तोडायचे. खरंय. म्हणतो, वायसर जागेवर असतं तर पिन नसूनही काही झालं नसतं. तेही खरंय. गायक स्वतःसुद्धा वायरलाच दोष देतो, पिनेचं नाव काढत नाही. त्याला पिनेचं माहीत आहे की नाही, हे मी विचारलेलं नाही. तुम्ही मला भित्रा म्हणता तेव्हा मला राग येतो तो याचा, की भित्रा मी आधी असायला हवा होतो.

आणि आता मी शहाणा झालोय, असंही म्हणू नका. याच मेमध्ये भुसावळच्या बाजूला बल्ब लालसर पेटला. रॉडला दोन बादल्या पाणी घातलं, अर्धा तास थांबलो, थोडा उजळला. भक्क नाही. साठ माणसं येऊन बसली होती. मनात म्हटलं, आरसीसीबी आहे, माणसातून ३० मिलिॲम्प गेलं की पडेलच. ते बरोबरही आहे, ट्रिप पडायला अर्थिंग चांगलंच लागतं असं नाही. पण झटका आधी बसतो, मग पडतो. गाणाऱ्या पोरीला सांगितलं, मायकपासून चार बोटं लांब राहून गा. ती हो काका म्हणाली.

दुसऱ्या गाण्याला तिचे ओठ जाळीवर होते. मी बेस थांबवला नाही.