नांदूरच्या काठावरची तीन मिनिटे

आमच्या शाळेच्या निसर्ग मंडळाचे वार्षिक संमेलन सभागृहात कधीच भरले नाही. जानेवारीतल्या एका रविवारी, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामागे पसरलेल्या नांदूर मधमेश्वरच्या पाण्याकाठी ते होते, आणि मंडळाची शिक्षिका म्हणून एकोणीस वर्षांत मी एकदाही ते चुकवलेले नाही. ईशस्तवन, अहवालवाचन, पाहुण्यांचा सत्कार हे सारे रीतीप्रमाणे पार पडते.

पहाटे साडेसहाला चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यापाशी पोचायचे, हा आमचा दंडक आहे. निफाडच्या थंडीत मुलांची बोटे गारठून दुर्बिणीचे चाक फिरत नाही. पण धुके विरू लागले की आधी चक्रवाकांची साद ऐकू येते आणि मग थापट्या, तलवार बदके, लांब गुलाबी पायांचे शेकाटे, लव्हाळ्यातून डोकावणारी जांभळी पाणकोंबडी अशी एकेकाची ओळख पटत जाते. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब दिसले, की त्यांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोजण्यासाठी दुर्बिणीभोवती झुंबड उडते. २०२० च्या जानेवारीत हे राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले, तेव्हा आम्हाला घरात कार्य निघाल्याइतका आनंद झाला होता. तरीही मनोऱ्यावर वीस-बावीस जण आणि दहा वाजता हुरड्याला पाऊणशे, हे चित्र बदलत नाही, आणि त्यात आमचे जुने विद्यार्थीही असतात, याचे मला दर वर्षी वाईट वाटते.

कारण जे पहाटे येत नाहीत, त्यांना ‘माझा पक्षी’ पुरता कळत नाही. हुरडा खाऊन झाला की मुलांनी त्याच सकाळी पाहिलेल्या एका पक्ष्यावर तीन मिनिटे बोलायचे असते. हातात कागद नको आणि पुस्तकातले पाठांतरही नको. वर्गात कधी हात वर न करणारी सातवीतली एक मुलगी काही वर्षांपूर्वी वारकरी पक्ष्यावर बोलायला उभी राहिली. बराच वेळ ती ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली आणि मग म्हणाली, “हा सगळा काळा आहे, पण कपाळ पांढरं आहे. आमचे आजोबा गोपीचंदन लावतात, तसं. आणि त्याला एकदम उडता येत नाही, आधी पाण्यावरून धावावं लागतं. आजोबा पण रिंगणात असेच धावायचे. आता त्यांचे गुडघे दुखतात.” एवढे बोलून ती खाली बसली. तिची दोन मिनिटे शिल्लक होती, पण टाळ्या वाजवायचे कोणालाच सुचले नाही. पाहुण्यांची कितीतरी विद्वत्तापूर्ण भाषणे मी ऐकली आहेत. त्यांतले एकही मला इतके लख्ख आठवत नाही.

हे सारे ज्यांच्यामुळे घडते, त्यांची आठवण काढताना कोणी राहून जाईल या धास्तीने मी वहीत यादी ठेवते. पहिल्या दोन दुर्बिणी स्वतःच्या पगारातून घेऊन देणारे आमचे निवृत्त मुख्याध्यापक, तिपाई खांद्यावर वाहणारे प्रयोगशाळेतले मामा, पाणपक्ष्यांची नावे मुलांकडून न कंटाळता घोटून घेणारे गावातले तरुण मार्गदर्शक, वनखात्याचे कर्मचारी, पहाटे चारला गाडी काढणारे चालकदादा, सतरंज्यांसाठी टेम्पो देणारे पालक, भाकरी-ठेचा करणाऱ्या बचत गटाच्या ताई, आणि त्यांच्याबरोबर चुलीपाशी बसून शेवटची भाकरी होईपर्यंत न उठणाऱ्या आमच्या शाळेच्या मावशी.

गेल्या वर्षी आभार मानताना ज्यांच्या शेतात आम्ही बसतो, त्या आजींचा उल्लेख माझ्याकडून राहून गेला. त्या समोरच, बांधावर बसल्या होत्या आणि गारठलेल्या मुलांना हात शेकायला शेकोटीत काटक्या सारत होत्या. यंदा वहीत पहिली ओळ त्यांच्यासाठी लिहून ठेवली आहे.