बाबांचं भिंग, एक जुनी पीडीएफ आणि पंजाब मेल

बाबांनी वाचायचं सोडलंय हे मला बरेच दिवस कळलंच नव्हतं. म्हणजे गॅलरीतल्या खुर्चीवर ते रोजच्यासारखे बसलेले असायचे, मांडीवर पुस्तक, हातात भिंग, पण पान काही पुढे जायचं नाही. एकदा चहा द्यायला गेले तर आदल्या दिवशीचंच पान उघडं होतं. विचारलं तर म्हणाले, "अगं चार ओळी झाल्या की डोळ्यातनं पाणी येतं, मग बसतो नुसता." डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे, डॉक्टरांनी आहे तेवढी नजर टिकवायची म्हणून सांगितलंय. ज्या माणसाने मला वाचनालयाचं कार्ड माझ्या सातव्या वाढदिवसाला भेट दिलं होतं त्या माणसाचं हे असं झालेलं, मला रात्रभर झोप नाही आली.

त्याच सुमारास आमचं झाशीला जायचं ठरत होतं. बाबांची ही फार जुनी इच्छा. त्यांच्या आईचं माहेर वरसई, पेणजवळचं, म्हणजे विष्णुभट गोडशांचं गाव, तेच ते 'माझा प्रवास' लिहिणारे गोडसे भटजी. घरची गरिबी आणि डोक्यावर कर्ज, म्हणून १८५७ मध्ये काकांबरोबर दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असं ऐकलेलं, आणि वाटेत महूजवळ पोचतात तोवर बंड सुरू. पुढे झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. आमच्याकडे या पुस्तकाची एक प्रत होती, बाबांनी कुणाला तरी वाचायला दिली आणि ती परत आली नाही. बाबा म्हणाले, "जाण्याआधी एकदा झाशीचा भाग पुन्हा वाचायला मिळाला असता तर..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. मला तेवढं पुरे होतं.

माझ्याकडे एक किंडल पडून होतं, म्हणजे पुस्तकं वाचायचं छोटं यंत्र, सहा इंची. म्हणलं यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, पुस्तक मिळवू, टाकू, झालं. इतकं सोपं वाटलेलं मला!

आधी हक्कांचं बघितलं कारण चोरीचं काही बाबांना चालत नाही. भटजींनी १८८३ च्या सुमारास लिहून चिंतामणराव वैद्यांना दिलं, वैद्यांनी भाषा थोडी सारखी करून, काही गाळून १९०७ मध्ये छापलं. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट असतो, वैद्य १९३८ मध्ये गेले, म्हणजे १९०७ ची आवृत्ती केव्हाच सगळ्यांची झालीय. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढलेली आवृत्ती वेगळी, तिला मी हात लावला नाही. जुन्या आवृत्तीची स्कॅन केलेली पीडीएफ एका डिजिटल ग्रंथालयात मिळाली, फुकट, मी आनंदाने उड्याच मारल्या.

ती किंडलवर टाकली आणि उघडली तर अक्षरं मुंग्यांएवढी. कारण स्कॅन पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो, त्यात अक्षर असं काही नसतंच, मग मोठं काय करणार. झूम करायचं तर अर्धी ओळ दिसते, मग बोटाने सरकवायचं, मग परत मागे यायचं पुढच्या ओळीसाठी. बाबांनी दोन पानं केली आणि किंडल माझ्या हातात दिलं, काही बोलले नाहीत.

मग कळलं की ओसीआर करायला लागेल, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून कॉम्प्युटरने ती टाइप केल्यासारखी करून द्यायची. टेसरॅक्ट म्हणून एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला मराठीची वेगळी फाइल मिळते. नुसत्या हिंदीवर चालवू नका, मीही आधी तेच केलं होतं आणि ळ ची फार दैना झाली, मराठीची फाइल लावल्यावर फरक पडला. आणि एक, स्कॅन आहे तसं देऊ नका. आधी पानं सरळ करा, कडेच्या काळ्या पट्ट्या कापा, शक्य असेल तर ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपके असलेल्या, इमेज करा आणि काळंपांढरं करून घ्या, मी त्यासाठी स्कॅनटेलर हे सॉफ्टवेअर वापरलं. यात माझे दोन रविवार गेले पण पुढचं निम्मं काम वाचलं.

तरी पहिल्यांदा जे बाहेर पडलं ते बघून रडू यायचं बाकी होतं. शंभर वर्षांपूर्वीचे छपाईचे खिळे, कुठे शाई पसरलेली, कुठे उडालेली, त्यामुळे घ चा ध, भ चा म, थ चा य. ख म्हणजे दिसायला र आणि व, त्यामुळे 'खरें' च्या जागी 'रवरें'. प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलेलं पुस्तकाचं नाव वाक्याच्या मधेच घुसलेलं. ओळीच्या शेवटी तोडलेले शब्द तसेच तुटलेले.

मी म्हणलं फाइंड-रिप्लेस करू, सगळ्या 'रव' चा 'ख' केला आणि झोपले. सकाळी बघते तर 'गौरव' चा 'गौख' आणि 'परवा' चा 'पखा' झालेला, आणि मूळ फाइलची कॉपी ठेवली नव्हती. चाळीस पानं परत ओसीआरपासून केली. तेव्हापासून रोजची फाइल तारखेच्या नावाने वेगळी ठेवायला लागले, तुम्हीही ठेवा.

तसंच 'दुसऱ्या' चं. जुन्या छपाईतला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र ओसीआरमधून रफार होऊन येत होता, 'दुसर्या' असा. युनिकोडमध्ये यासाठी ऱ हे वेगळं अक्षर आहे, ते वापरून य जोडला की बरोबर दिसतं. पण इथेही सरसकट बदलता येत नाही कारण आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात जमीन-अस्मानाचा फरक, आणि यज्ञाच्या निमित्ताने निघालेल्या माणसाच्या पुस्तकात दोघंही भेटू शकतात. एकेक शब्द बघूनच करायला लागतं, दुसरा उपाय नाही.

शेवटी मी एकटीने करायचं सोडलं आणि बाबांना बरोबर घेतलं, खरं म्हणजे हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. रात्री जेवण झालं की स्कॅनचं पान टीव्हीवर लावायचं, टीव्हीवर अक्षर केवढंतरी मोठं दिसतं, बाबा पुढ्यात खुर्ची घेऊन बसायचे आणि मी लॅपटॉपवरचं टाइप झालेलं मोठ्याने वाचायचे. चुकलं की बाबा "थांब" म्हणायचे. पहिल्या दिवशी तीन पानांत दमले. आठवड्याने दहा पानं व्हायला लागली. मधेच ते एखादा शब्द धरून बसायचे, आजी वरसईकडचं कसं बोलायची ते सांगायचे, मी त्यांना कधीच न विचारलेल्या कितीतरी गोष्टी या प्रूफरीडिंगमध्ये कळल्या. त्यांच्या आजोळी पावसाळ्यात चुलीवर कपडे कसे वाळवायचे इथपासून.

अनुस्वारांवरून आमचा एक दिवस वाद झाला. जुन्या मराठीत 'नाहीं', 'केलें', 'आम्हीं' असे टिंबांचे शब्द, ओसीआरमध्ये निम्मी टिंबं उडालेली, त्यामुळे एका ओळीत 'नाहीं' तर पुढच्या ओळीत 'नाही'. मी म्हणलं बाबा सगळीच काढून टाकू, तसंही १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती गेलीच आहेत, वाचायला सोपं होईल. बाबा एकदम ठाम, "नाही, बिंदू ठेव. मी सातवीपर्यंत असंच लिहिलंय. ते काढलंस तर ऐकायला तेच राहील पण बघायला भटजींचं राहणार नाही." मग ठेवली. त्यासाठी अख्खा मजकूर पुन्हा एकदा वाचला आम्ही, दुसऱ्या वाचनात आणखी शेकडो चुका सापडल्या, म्हणजे बाबांच्या हट्टामुळे पुस्तक शुद्ध झालं.

ईपब, म्हणजे अक्षर लहानमोठं करता येणारी ई-पुस्तकाची फाइल, बनवायचं काम त्या मानाने पटकन झालं. कॅलिबर या ई-पुस्तकं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर घेतला, प्रकरणांना हेडिंग दिली म्हणजे अनुक्रमणिका आपोआप होते, फाइलची भाषा मराठी ठेवली, मुक्ता फॉन्ट पुस्तकातच भरला, तो फुकट वापरता येतो आणि मोठ्या आकारात ठसठशीत दिसतो. एक चूक मात्र केलेली, दोन्ही बाजूंनी सरळ रेषेत मजकूर लावला होता, जस्टिफाय म्हणतात ते. आपले शब्द लांब, मोठ्या अक्षरात एका ओळीत तीन-चारच बसतात, मग मधे ही मोठमोठी भगदाडं. बाबांची नजर नेमकी त्या मोकळ्या जागेत हरवायची. डावीकडून सरळ ठेवलं, दोन ओळींमधलं अंतर वाढवलं, आणि कॅलिबरमधूनच किंडलला चालेल असं करून केबलने टाकलं. ज्यांच्या घरी नजर अधू असलेलं माणूस आहे त्यांनी अक्षराच्या आकाराइतकंच या दोन गोष्टींकडे बघा.

बाबांनी पहिलं पान उघडलं, भिंग शोधायला हात लांब केला आणि मग तसाच मागे घेतला.

डिसेंबरमध्ये निघालो. पंजाब मेल, सीएसएमटीवरून संध्याकाळी. ही गाडी १९१२ पासूनची, बाबांना असल्या गोष्टींचं फार अप्रूप. त्यांना खालचा बर्थ मिळाला होता. कसारा घाटात माझ्या मोबाइलची रेंज गेली, शेजारचे लोक फोन हलवत होते, बाबा मात्र शांतपणे वाचत होते. रात्री डब्यातले दिवे गेले तरी किंडलचा स्वतःचा मंद उजेड असतो, कुणाला त्रास नाही. मी वरच्या बर्थवरून दोनदा वाकून बघितलं, भुसावळ गेलं तरी जागेच. ओरडले नाही. किती महिन्यांनी ते असे पुस्तकासाठी जागे राहिले होते.

सकाळी इटारसी सोडल्यावर नर्मदेचा पूल आला. बाबांनी किंडल बाजूला ठेवून हात जोडले, मग म्हणाले, "त्यांनी सातपुडा चालत ओलांडला गं. आपण झोपेत." मग बराच वेळ खिडकीतूनच बघत बसले. मीही काही बोलले नाही, फक्त चहा घेतला दोघांना.

झाशीला दुपारी पोचलो. दुसऱ्या दिवशी किल्ला बघितला, चढण आहे, बाबांना जमेल का धास्ती होती पण दर पन्नास पावलांवर थांबत गेले. कडक बिजली तोफ बघितली. ३ एप्रिल १८५८ ला इंग्रज सेनापती ह्यू रोजचं सैन्य शहरात घुसलं आणि पुढच्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडली, ती तटबंदी बघताना बाबा मला पुस्तकातलं सांगत होते, आणि आजूबाजूचे दोन-तीन हिंदी बोलणारे लोकही थांबून ऐकायला लागले, मग बाबा हिंदीत सांगायला लागले. गणेश मंदिरातही गेलो, राणीचं लग्न तिथेच लागलेलं.

पण बाबांना खरी ओढ होती राणी महालाची. गावातच आहे, आता तिथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, खाली चौकात जुन्या मूर्ती ठेवल्यात आणि वर छताभिंतींवर रंगीत चित्रं. चौकाच्या कडेला बसले आणि मला म्हणाले, "ते पुस्तकांचं काढून दे." अनुक्रमणिका होतीच, लगेच काढून दिलं. झाशीच्या दरबारचा ग्रंथसंग्रह केवढा मोठा होता, काशीचे विद्वानसुद्धा पोथ्या उतरवून घ्यायला तिथे यायचे, आणि शहर पडल्यावर त्या सगळ्याची कशी नासधूस झाली, ते भटजींनी लिहिलंय. भटजींना स्वतःला त्या लुटीत मिळवलेले पैसे गमवावे लागले, पुढे ते घरी परतले ते आईवडलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन. पण पुस्तकांबद्दलची ती हळहळ वाचताना बाबांचा आवाज बदलला. मोठ्याने वाचत होते, हळू, पण एकदाही अडखळले नाहीत.

संपवलं आणि मग परत मागच्या पानावर गेले. मला वाटलं पुन्हा वाचायचंय.

"इथे बघ," म्हणाले, "'बुरूज' चा 'बुरूच' राहिलाय. लिहून घे."

मी फोनमध्ये लिहून घेतलं. परतीच्या प्रवासात त्यांनी आणखी सव्वीस चुका काढल्या.