एल्क राहिला बाजूला, आधी रहिवासी असल्याचं सिद्ध करा

डेन्व्हरकडच्या दोघातिघांनी विचारलं म्हणून एकदाचं लिहून टाकतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाची शिकार करता येते का? येते. रीतसर लायसन्स मिळतं, लपूनछपून काही करावं लागत नाही. फक्त डोंगर चढायचा सराव सुरू करण्याआधी आपल्या ड्रायव्हिंग लायसन्सवरची तारीख बघा. आत्ता उठून बघा, मग पुढचं वाचा.

मी शिकारीला धनुष्यच का घेतो, बंदूक का नाही, हेही विचारतात. व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ बाळगायला इथल्या संघीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचं लायसन्स असेल तर त्यात सूट मिळते, पण त्या सवलतीच्या भरवशावर ग्रीन कार्डची रांग पणाला लावण्याइतकी माझी छाती नाही. धनुष्यबाण त्या कायद्याच्या बंदुकीत मोडतच नाही. शिवाय सप्टेंबर हा धनुष्यवाल्यांचा महिना, २ ते ३० तारीख. नर माजावर आलेले असतात, पहाटे दरी दुमदुमते. मुख्य रायफलवाले ऑक्टोबरात येतात तोवर जंगल बरंचसं गप्प झालेलं असतं.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलंच जनावर, पण मोठा नर तीनशे किलोच्या पुढे भरतो. कोलोरॅडोत ते पावणेतीन-तीन लाख आहेत. कोल्हापूरला फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं हे सगळं बंद झालंय, आणि तू तिकडं जाऊन कसले उद्योग करतोयस?" आणि मग संस्थानातले चित्तेवान चित्त्यांकडून काळवीट कसे धरायचे, ते स्वतःच अर्धा तास सांगत बसले.

हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं, १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला. ते झालं. धनुष्याचा सराव झाला. शेजारचे निवृत्त गृहस्थ सोबत न्यायला तयार झाले, ते तीसेक वर्षं जातायत. आता राहिलं काय, तर दुकानात जाऊन शिकारीचं लायसन्स घ्यायचं.

इथे घोडं अडलं.

रहिवाशाला एल्कचं लायसन्स साठ-सत्तर डॉलरला पडतं आणि बाहेरच्याला त्याच्या दहापटीहून जास्त. तरीही मी म्हटलं असतं की घ्या पैसे, पण विषय मिटवा. तीही सोय उरलेली नाही. २०२५ पासून आय-२५ हायवेच्या पश्चिमेला बाहेरच्या माणसाला धनुष्याचं एल्क लायसन्स असं काउंटरवर मिळत नाही, ड्रॉमध्येच नंबर लागावा लागतो, आणि मुख्य ड्रॉचे अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी बंद होतात. काउंटरवरची विक्री सुरू होते ऑगस्टमध्ये. म्हणजे ऑगस्टमध्ये तुम्ही कागदोपत्री रहिवासी नसाल तर पश्चिमेचे बहुतेक डोंगर तुम्हाला बंद. आणि रहिवासी ठरायला लागतं मुदतीतलं कोलोरॅडोचं ओळखपत्र.

माझं मुदतीतलं नव्हतं. व्हिसावाल्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स व्हिसाच्या मुक्कामाची मुदत संपते त्याच दिवशी संपतं. कंपनीने एक्स्टेन्शनचा अर्ज वेळेत टाकला होता, पण निकाल लवकर लागावा म्हणून भरायचे प्रीमियमचे पैसे भरले नव्हते. अर्ज लोंबकळत असताना नोकरी चालू ठेवता येते, पगार येतो, कर कापला जातो. ड्रायव्हिंग लायसन्सच्या काउंटरवर मात्र "मंजुरीचा कागद घेऊन या."

मंजुरी आली, आय-७९७ए हा मंजुरीचा कागद आला. म्हणजे कंपनीच्या वकिलाकडे आला, माझ्याकडे त्याची स्कॅन केलेली प्रत. काउंटरला मूळ कागद हवा. वकिलाच्या ऑफिसने तो सावकाश, साध्या पोस्टाने पाठवला.

मूळ कागद घेऊन गेलो तर बाई म्हणाल्या, वेबसाइटवरून काढलेला आय-९४, म्हणजे मुक्कामाच्या मुदतीची सरकारी नोंद, दाखवा. दाखवला. त्यावर जुनीच तारीख, कारण ती वेबसाइट तुम्ही देशात शिरलात तेव्हाची नोंद दाखवते. देशात राहून वाढवलेली मुदत तिथे दिसत नाही. नवा आय-९४ त्याच आय-७९७ए च्या तळाशी छापलेला असतो, फाडून पासपोर्टला लावायची ती पट्टी. मी बोट ठेवून दाखवलं. बाई अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "आमच्या यादीत वेबसाइटचा प्रिंट लिहिलाय." या नम्रपणाचं करायचं काय? भांडायलाही जागा मिळत नाही.

पुढच्या खेपेला दुसरी खिडकी मिळाली आणि गाडी तारखेवरून नावावर आली. आपल्या मराठी माणसाचं नाव तीन खणांचं. पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये एकत्र, मधलं नाव असा रकानाच नाही. सोशल सिक्युरिटी कार्डावर बाबा मधल्या नावात गेलेले. जुन्या लायसन्सवर बाबांचं फक्त आद्याक्षर. संगणकाने केंद्र सरकारकडे विचारणा केली, उत्तर आलं: जुळत नाही, हाताने तपासणी करावी लागेल. किती दिवस? "सांगता येत नाही, पत्र येईल." तोवर गाडी चालवायची नाही. ऑफिसला बायको सोडायची आणि रोज विचारायची, "आलं का रे पत्र?" ऑगस्टचा शेवट आला. शेजारी तंबूची यादी करत होते, मी कागदांची.

शेवटी शेजारच्या काउंटीतल्या कार्यालयात गेलो. तिथल्या वयस्कर कारकुनाने आय-७९७ए उलटासुलटा केला, तळाची पट्टी बघितली, त्यावरून नंबर टाकला, नाव पासपोर्टात आहे तसंच, अक्षर न् अक्षर एकाच खणात भरलं, आणि पडताळणी तिथल्या तिथे झाली. चहा थंड व्हायच्या आत! तोच कागद, तोच मी. कार्ड नंतर पोस्टाने येतं, हातात तात्पुरता कागद मिळाला. तो घेऊन मी थेट स्पोर्ट्सच्या दुकानात. हॅबिटॅट स्टॅम्प (वन्यजीवांच्या अधिवासासाठीच्या शुल्काची पावती), शिकारीचं लायसन्स, त्याला जोडलेला, मारलेल्या जनावराला लावायचा टॅग, सगळं छापून हातात आलं. पार्किंगमध्ये बसून मी तो टॅग दोनदा वाचला आणि बाबांना फोटो पाठवला. बारावीच्या निकालाला झाला नसेल एवढा आनंद झाला होता.

म्हणून सांगतो, शिकारीचं लायसन्स दुकानातल्या एजंटकडूनच घ्या. ऑनलाइन घेतलं तर टॅगचा कागद पोस्टाने येतो, आणि पोस्टावर माझा आता विश्वास उरलेला नाही.

आता शिकारीचं. त्या ऑगस्टमध्ये, म्हणजे २०२५ च्या, मीकर गावाजवळ 'ली' नावाचा वणवा पेटला, लाखाहून जास्त एकर जळालं. म्हणून आम्ही फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांत पूर्वेकडून, याम्पा गावाच्या बाजूने शिरलो. उन्हाचे उतार ॲस्पेनने पिवळे होत होते, उत्तरेच्या उतारांवर स्प्रूसची गच्च काळोखी झाडी. एल्क दिवसा त्या झाडीत बसतो. त्याला डोळ्यांनी फसवता येतं, नाकाने नाही. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, तेव्हा जनावराच्या खालच्या अंगाला राहायचं. ऊन तापलं की हवा वर चढायला लागते. त्या मधल्या वेळेत वारा कुठूनही येतो, आणि माझा नर नेमका तेव्हाच आला. ओरडत, फांद्या मोडत, चाळीस यार्डांवर. धनुष्य अर्धं ताणलं आणि मानेच्या मागे गार झुळूक लागली. संपलं. शेजारी म्हणाले, दहातल्या एखाद-दुसऱ्यालाच मिळतो, तोंड पाडू नकोस.

त्यांना मात्र मिळाला. एका बाणात, पंचवीस यार्डांवरून. त्यानंतर तंगड्या कापून, जाळीदार पिशव्यांत भरून गाडीपर्यंत वाहून आणणं हे खरं काम. सप्टेंबरात दुपार तापते, मांस सावलीत टांगून लवकर थंड करावं लागतं. वाहून आणताना डोक्यावर नारिंगी टोपी घाला, पाठीवर शिंगं घेऊन जंगलात फिरणं शहाणपणाचं नाही.

सुटलेलं आठवेल तसं सांगतो. धनुष्याचा ताण कायद्याने किमान ३५ पौंड आणि बाणाचं पातं किमान ७/८ इंच रुंद लागतं, दुकानदार सांगेलच असं नाही. दुपारी ढग जमले की माथ्यावर थांबू नका, विजा पडतात. एक्स्टेन्शन मंजूर झालं की मूळ आय-७९७ए वकिलाकडून ट्रॅकिंगच्या कुरिअरने मागवा, खर्च आपण दिला तरी परवडतो. एका कार्यालयात अडलं तर दुसऱ्यात जा. नियम तेच असतात, वाचणारा माणूस बदलतो. हंटर एज्युकेशनच्या प्रमाणपत्रावरचं नावही पासपोर्टासारखंच घाला.

शेजाऱ्यांनी मला एक तंगडी दिली. मांस दुसऱ्याला देताना लायसन्स नंबर आणि सहीनिशी चिठ्ठी द्यावी लागते, ती फ्रीजरमध्ये पिशवीसोबतच ठेवा. डोकं सीडब्ल्यूडी या हरणांच्या रोगाच्या तपासणीला दिलं असेल तर निकाल येईपर्यंत शिजवू नका. निकाल चांगला आला की तांबडा रस्सा करा, पण तेलाचा हात आखडू नका. या मांसाला चरबी जवळजवळ नसते, मटणाच्या अंदाजाने केलात तर कोरडं होईल.