पैसे भरून बघितलेली पडझड

"दोन्ही कप मी घरी सोफ्यावर बसून बघितले. हे मात्र पैसे भरून, थंडीत कुडकुडत."

शेजारचे आजोबा 2025 मध्ये एकदा मफलर वाळत घालता घालता म्हणाले. निळा-पांढरा, सेंट जॉनस्टन या इथल्या फुटबॉल क्लबचा, एका कडेची वीण उसवलेला. दोन चिमटे लावूनही दोरीवरचा हात काही काढेनात.

मी आपलं सहज विचारलं होतं, "वाईट वाटत असेल ना?" पर्थमध्ये राहायचं (ऑस्ट्रेलियातलं नव्हे, स्कॉटलंडमधलं!) म्हणजे एवढं विचारावंच लागतं. 16 वर्षं सगळ्यात वरच्या लीगमध्ये असलेला क्लब त्या सीझनला शेवटच्या नंबरावर येऊन खालच्या लीगमध्ये गेला होता. एप्रिलमध्ये चक्क सेल्टिकसारख्या बलाढ्य क्लबला 1-0 हरवलं, तेव्हा मलासुद्धा वाटलं, वाचतात बहुतेक. दोनच आठवड्यांनी त्याच सेल्टिककडून स्कॉटिश कपच्या सेमीफायनलमध्ये 5-0 हार.

पण आजोबांचं ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. 2021 मध्ये याच छोट्याशा क्लबने एकाच सीझनमध्ये लीग कप आणि स्कॉटिश कप, दोन्ही जिंकले होते. दोन्ही फायनल 1-0. आणि कोविडमुळे स्टेडियम रिकामं! जन्मभर ज्याची वाट पाहिली, ते झालं तेव्हा टाळ्या वाजवायला कुणी नाही.

आमच्याकडे भारत हरायला लागला की बाबा टीव्ही बंद करायचे. "आपली टीम"ची लगेच "ही पोरं" व्हायची.

आत जाताना आजोबा म्हणाले, "पुढच्या सीझनला येतेस का? आता जागा भरपूर असेल."

येते म्हटलं खरं. मफलर कुठे मिळतो, ते विचारायचं राहिलंच.